देव पाण्यात

याझ्दच्या पलीकडे, जिथे वाराही पाणी मागतो,
संजदाबाद गावाचा कनात
एका रात्रीत कोरडा पडला.

कनात : तंबूची ती नव्हे. हा भुयारी,
डोंगराच्या पोटापासून डाळिंबांच्या मुळांपर्यंत
बेचाळीस विहिरींतून ओवलेला काळोख.
खोदणारे त्याला लाडाने खुनी म्हणतात
आणि उतरताना पांढरे कपडे घालतात.
नाहीच परतलो, तर कफन अंगावर असावं.

जाणत्यांनी दाढ्या कुरवाळल्या.
कनात नर आहे, म्हणाले. रुसलाय. नवरी द्या.
सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत
मेहरनूशवर येऊन थांबल्या.
सोळा वर्षांची, खुदादाद खणकऱ्याची,
आणि आईकडून मुलतानची, म्हणजे अर्धी परकी.
अर्धं परकं पोर द्यायला गावाला जड जात नाही.

आदल्या रात्री आईने
तांब्याच्या वाडग्यात आपली बोटभर मूर्ती ठेवली
आणि घरातलं शेवटचं पाणी तिच्यावर ओतलं.
"देवा," म्हणाली. एवढंच.
ओठ उघडेच ठेवून संपणारा शब्द.
बाप दारात दचकला.
अठरा वर्षं झाली संसाराला,
तरी तो शब्द ऐकला की त्याचा हात ताइताकडे जायचा.
त्याच्या भाषेत दीव म्हणजे
शिंगं, दुर्गंधी, नदी गिळून बसलेलं तोंड.
मेहरनूश दोन्ही भाषांत वाढली.
तिला वाटायचं, एकाच बाईला
माहेरी लाडकी म्हणतात, सासरी अवदसा,
तसंच असेल काही.

पहाटे, कुणी न्यायला यायच्या आत
ती स्वतःच उतरली.
बापाचे पांढरे कपडे, कमरेला दोर, एरंडेलाचा दिवा.
दिवा गुदमरला की मागे फिरायचं,
हे ती चालायला शिकायच्या आधी शिकली होती.
दिवा गुदमरला.
ती पुढे गेली.

शेवटच्या विहिरीला तिथे आईविहीर म्हणतात.
तिच्या झऱ्याला पाठ टेकून तो बसला होता,
डोंगराएवढा, डोंगरासारखाच थकलेला,
एक शिंग मोडकं.

"नवरी?"
"नाही. चौकशीला आलेय."
तो हसला असावा, वरून माती पडली.

"तुला काय म्हणतात?"
"तुला माहितेय. म्हणत राहिले, तसा झालो.
सिंधूपलीकडे माझा भाऊ आहे. नाव तेच.
त्याला फुलं वाहतात, म्हणे. खरं?"
"फुलं," ती म्हणाली. "दूध. कधीकधी शिव्यासुद्धा."

तो बराच वेळ गप्प.
"काल रात्री तो शब्द वरून झिरपत आला.
किती दिवसांनी काहीतरी झिरपलं.
तसाच एकदा हाक मार मला. मी उठतो.
पण मारलेली हाक माझी.
तुझ्याकडे उरणार नाही."

तिने बागा आठवल्या नाहीत, गाव तर नाहीच.
वाडग्यातलं शेवटचं पाणी आठवलं :
ओतताना आईचा हात
जरासुद्धा थरथरला नव्हता.

तिने हाक मारली.

पाणी आलं तेव्हा गाव नाचलं.
लग्नाचा विषय कुणी काढला नाही,
माफीचाही नाही.
एक म्हातारा तेवढा तिला टोपलीभर डाळिंबं देऊन गेला,
त्यातली निम्मी किडकी.

संध्याकाळी आई भरला वाडगा घेऊन बसली.
"म्हण गं, माझ्यामागून."
मेहरनूशने तोंड उघडलं.
सगळे शब्द आले, एक सोडून.
त्या जागी नुसताच
दूर, खोल, दगडांवरून
काहीतरी वाहत गेल्याचा आवाज.

आई थांबली. पुन्हा नाही म्हणाली.
आणि बाप, दारातच उभा,
ऐकत राहिला.
त्याचा हात आज
ताइताकडे गेला नाही.