तिरुपतीला जाऊन आलो

आमच्या गावात बायका पण 'मी येतो, मी जातो' म्हणतात.
पुण्याची जाऊ हसते.
हसू दे. क्रियापद आम्ही कधीच पुरुषांकडनं काढून घेतलंय,
टक्कल तेवढं द्यायचं राहिलं त्यांचं.

पहिल्यांदा रुपयाएवढी चकती गेली, उजव्या कानामागं.
मगदूम डॉक्टर म्हणाले चाई आहे, सुई टोचू, येतील.
मग ती चकती दुसऱ्या चकतीला भेटायला गेली
आणि दिवाळीपर्यंत
उशीवर, मोरीच्या जाळीत, कणकेत,
मी सगळीकडं होतो, डोक्यावर सोडून.

कांदा चोळ, म्हणाली भोपळ्यांची मालू.
बोअरचं पाणी, म्हणाला रिक्षावाला, न विचारता, आरशातनं.
कुणाचं वाईट चिंतलं असशील, हे कुणी म्हणालं नाही,
पण हळदीकुंकवाला माझ्यापाशी आल्यावर
करंडा जरा थांबला.
चुलत सासूनं एक जुना शब्द जिभेवर आणला
आणि चहाबरोबर गिळला.
नवरा शेजारच्या खोलीत घोरत होता, तरी.

भाऊ तालमीत होता तेव्हा महिन्याला गोटा करायचा.
वस्ताद त्या डोक्यावर थाप मारायचे,
अख्खा आखाडा खूश.
उद्यमनगरात ज्यांच्या फौंड्रीचे पगार मी लिहितो
त्या पोवार शेठच्या टकलाला लोक
लक्ष्मीचं अंगण म्हणतात.
माझ्या डोक्याकडं बघून त्यांनीच विचारलं,
'रजा पाहिजे काय?'

तिरुपती मालूनंच सुचवलं.
'हरिप्रियानं गेलो, हरिप्रियानं आलो म्हणून सांग.
कोण बघायला येतंय?'
सांगितलं. बँकेत, महाद्वार रोडला, बंबाच्या दुकानात.
काय फरक पडला म्हणता!
बायकांनी वाकून नमस्कार केला.
एकीनं लाडू मागितला,
तर मी कोपऱ्यावरनं पावशेर बुंदीचे आणून वाटले.
चार महिने माझं डोकं देवाचं होतं.
मग शिमग्याच्या सुमाराला फुलवाली,
जी आधी मला बघून 'गजरा' मधला 'ग' म्हणून गप्प व्हायची,
ती म्हणाली,
'अजून आलं न्हाईत व्हय, बाई?
का परत जाऊन आलासा?'

मग टोप आणला, सात हजाराचा.
प्रांजलनं मोबाईलवर निवडला.
मे महिन्यात त्याच्या आत भजी तळून निघाली असती.
कुठल्या तरी नटीचं वळण होतं त्याला.
आता तो कपाटात, स्टीलच्या डब्यावर बसून असतो,
डब्याला शोभतो.

लग्न ठरताना सासूनं माझी वेणी हातात धरून
वजन केलं होतं, गुळाच्या ढेपेसारखं.
पसंत, म्हणाली. चेहऱ्याकडं नंतर बघितलं.
ते वजन गेलं, आता पसंती कुठं ठेवायची,
असं एकदा नवऱ्याला विचारलं.
तो म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे.
रात्री मात्र त्यानं टाळूवर हात ठेवला,
तवा तापलाय का बघावं तसा,
आणि तिथंच ठेवून झोपला.

काल रंकाळ्यावर स्कार्फ सोडला.
वारा होता.
कणसंवाल्याचा पोरगा, सात-आठ वर्षांचा,
निखाऱ्याला वारा घालता घालता थांबला.
मी तयारच होतो, तिरुपती ओठांवर.
'मावशी,' तो म्हणाला, 'गार लागतंय काय हो?'

दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं.
थोडा वेळ बघितलं, खरंच, कसं लागतंय ते.
'लागतंय की,' म्हटलं,
'कानामागं जास्त.
आणि लिंबू जरा दाबून चोळ.'