पाटीच्या मागे

ग्लासगोच्या काचघरात
नोव्हेंबर बाहेर उभा, आत घामेजलेलं हिरवं.
दर मंगळवारी पाट्या लिहिते मी, बिनपगारी.
इशबेल नावं सांगते, मी पांढऱ्या पट्टीवर उतरवते.

आज म्हणाली, लियाना.
फ्रेंचांकडून आलेला शब्द. मुळात, बांधणे.
कुणी कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं.
एवढं बोलून नळी गुंडाळायला गेली.

खोड असतं यांना, उभं राहण्यापुरतं नसतं.
माझ्या पहिल्या व्हिसावर छापलं होतं डिपेंडंट.
यशोधन म्हणाला, कागद आहे गं नुसता.
असेल.
तो फाईलमध्ये अजून आहे.

आपल्याकडे वेल बांधत नाही,
वळते.
सुंभ वळतात तशी, वाट वळते तशी,
पाटी गिरवताना अक्षराला वळण लागतं तशी.
सगळे एकाच मांडवातले शब्द असावेत,
पुराव्याला शब्दकोश नाही हाताशी.

म्हणून पट्टी उलटी केली,
मागे पेन्सिलीनं लिहून पाहिलं आपल्या लिपीत.
ल काढला नुसता,
तर डावीकडून उगवून
त्याच्या डोक्यावरून वळली
ऱ्हस्व वेलांटी.

इशबेल डोकावली, हे काय?
म्हटलं, चढतंय.