एल्स्पेथला कळायचं

ऑगस्टात घाम होता, चिखल नव्हता.
पहिल्याच सामन्यात तीन गोल खाऊन पोरं परतली
तेव्हा जर्सी इतक्या स्वच्छ
की एल्स्पेथ मकाइव्हर म्हणाली,
"ह्या धुवायच्या कशाला? आज कुणी पडलंच नाही."

वाक्य ड्रेसिंग रूमपर्यंत पोचलं.
कुणी पोचवलं, ते अजून कुणी कबूल करत नाही.

अर्डकेली रोव्हर्स. चौथा विभाग.
त्याच्या खाली मेंढ्या, आणि मग समुद्र.
मैदानाच्या एका अंगाला पत्र्याचा स्टँड,
दुसऱ्या अंगाला दफनभूमीची भिंत.
पलीकडे गेलेला चेंडू मी स्वतः कितीदा आणलाय
कुण्या सँडिलँड्स कुटुंबाच्या थडग्यावरून,
मराठीत माफी मागून.

गोलकीपर फिनले शाळेत भूगोल शिकवतो.
नऊ नंबरचा लॅचलन पहाटे मासळीच्या लिलावात बर्फ फोडतो.
मॅनेजर ड्यूगल्ड रेनी बस चालवतो,
संघाचीसुद्धा.

ऑक्टोबरपासून पिशव्या जड यायला लागल्या.
एल्स्पेथ चिखल ओळखायची.
किल्मोरनचा तांबडा, गरम पाण्यात आणखी हट्टाला पेटणारा.
पोर्टअर्रिकचा रेताड, मोज्यांच्या टाचांत दडी मारून बसणारा.
ग्लेनफाराचा काळा, दलदलीतला;
त्याला नवऱ्याच्या व्हिस्कीचा वास येतो म्हणायची
आणि एखादी बाही उगाच दोनदा हुंगायची.
आम्ही निकाल रेडिओवर ऐकत होतो.
तिला तो पिशवी उचलतानाच कळायचा.

जानेवारीत मैदान गोठलं. चार सामने पुढे गेले.
पाचवा झाला, आणि त्याच रात्री मशीन बंद पडलं.
ड्यूगल्ड बाह्या सारून तिच्या बाथटबाशी गुडघ्यांवर बसला.
दोघांनी सोळा जर्सी हातांनी धुतल्या,
एक शब्द न बोलता.
पाच नंबरची पिळता पिळता
त्याला बचावफळी कशी लावायची ते सुचलं म्हणतात.
खरंखोटं तो टब जाणे.
त्यानंतर अकरा सामने आम्ही हरलो नाही.

सातवे. चौथे. दुसरे.
मार्चअखेर गावानं ह्या विषयावर बोलणं सोडलं;
बेकरीत लोक हवामानावर बोलायचे,
इतकं बोलायचे की हवामानालाच संशय यावा.

शेवटचा शनिवार. घरचं मैदान, समोर किल्मोरन.
बरोबरी पुरेशी होती.
गावानं देव पाण्यात ठेवले.
एल्स्पेथकडे तेवढं रिकामं पाणी नव्हतं;
ती पहिल्यांदाच सामन्याला आली
आणि भिंतीपाशी उभी राहिली,
कोटाच्या खिशात कपड्यांचे चिमटे खुळखुळवत.

ऐंशी मिनिटं झाली. शून्य-एक.
आणि समुद्रावरून धुकं आलं.
इकडच्या बोलीत त्याला हार म्हणतात.
माझ्या भाषेत ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत.
मी कुणाला सांगितलं नाही.

पलीकडचा गोल दिसेना. मग मधलं वर्तुळही.
शिट्टी ऐकू यायची, बुटांचा आवाज,
ड्यूगल्डचा घसा, "लाव, लाव, लाव रे!"
मग एक धप्प.
मग काहीच नाही.

मग धुक्यातून पहिली शिवी आली
ती किल्मोरनच्या हेलात.

त्यावरून आम्हाला कळलं.

तो गोल कुणीच पाहिलेला नाही.
लॅचलन म्हणतो डोक्यानं, फिनले म्हणतो त्याच्या पाठीला लागून,
पंच म्हणतो, मी लिहिलाय ना, पुरे.
धुक्यातून लॅचलन बाहेर आला तेव्हा
कपाळापासून गुडघ्यांपर्यंत आमच्याच मैदानाचा चिखल.
एल्स्पेथनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"पडला वाटतं," म्हणाली,
आणि नाक पुसलं.

रविवारी सकाळी तिच्या परसात
दोरीवर पोरं वाऱ्याला लागली होती.
तिनं त्यांना चार-चार-दोन असं टांगलं होतं,
गोलकीपर एकटा, कुंपणाजवळ.

पुढच्या वर्षी वरचा विभाग. तिथली बरीच मैदानं प्लास्टिकची.
पिशव्या हलक्या येतील, मी म्हणालो.
तिच्या तोंडात चिमटा होता.
तिनं नऊ नंबरची थोडी उजवीकडे सरकवली.