जवारी

पुलाला छप्पन्न तारा.
नावं नाहीत, नंबर आहेत:
शहापूरच्या बाजूला एक ते अठ्ठावीस,
कॅम्पाच्या बाजूला उरलेल्या.
दर तीन महिन्यांनी, रहदारी सुरू व्हायच्या आत,
मी रबरी हातोडीनं एकेकीला ठोकते
आणि कमरेच्या यंत्रात बघते
ती सेकंदाला किती वेळा थरथरली.
ताण त्यावरून कळतो.

कुंद्याच्या डब्यावर आता हाच पूल छापतात.
लग्नाआधीची जोडपी साडेसहालाच येतात, मेकअपवालीसकट,
म्हणतात, मॅडम, जरा बाजूला,
तुमची पिवळी टोपी फोटोत येते.
पहिल्या वर्षी दिव्यांना रंग होते.
लाल-पिवळा लावला की एकीकडून निवेदन यायचं,
भगवा लावला की दुसरीकडून,
हिरव्याला दोन्हीकडून.
आता रात्रभर पांढरा.
दवाखान्यासारखा.

दस्तगीर चाचा नोव्हेंबरातल्या धुक्यात भेटले.
कानटोपी, हातात दुधाची किटली.
चाळीस वर्षं तंबोरे केले, खडेबाजाराच्या मागच्या बोळात.
भोपळे भीमेकाठचे, लाकूड दांडेलीचं,
गिऱ्हाइकाशी मराठी, सुताराशी कन्नड,
स्वतःशी बोलायचं ते घरचं दखनी.
"काय करुलीस गं पोरी?"
"तारा तपासूलोय, चाचा."

त्यांनी किटली खाली ठेवली,
कानटोपी वर सरकवली
आणि सतराव्या तारेच्या नळीला कान लावला.
"ठोक."
मी ठोकली.
"ही उतरलीय."
यंत्रात बघितलं. दोन टक्के.
मर्यादेत बसतं, म्हटलं.
"दोन टक्के उतरलेला सा तुम्ही चालवून घेता?"
"पूल चालवून घेतो, चाचा."

हसले. मग नळीभोवती हात फिरवत
काहीतरी शोधायला लागले.
"दोरा कुठाय?"

तंबोऱ्याच्या ब्रिजवर
(तेही ब्रिजच म्हणतात, मला त्या दिवशी कळलं)
तारेच्या खाली सुताचा एक धागा घालतात.
केसभर पुढं, केसभर मागं सरकवत राहायचं,
आणि एका जागी तार अचानक बोलायला लागते.
ती जागा सापडायला त्यांना
कधी मिनिट लागायचं,
कधी अख्खा रमजान.

मी गुडघ्यावर बसून दाखवलं:
नळीच्या तोंडाशी हे रबराचं कडं.
वारं सुटलं की तारेची थरथर इथं येऊन विरते.
म्हणजे दोराच की,
पण उलटा.
"आवाज मारायला?"
"होय की. वाजत राहिली तर झिजंल, तुटंल."

निपाणीची पहिली बस पुलावर चढली.
पूल हलला, फक्त मला कळावं एवढाच,
आणि त्यांना.
"आमच्यात तार गप्प बसली की मेली," म्हणाले,
"तुमच्यात गप्प बसली की पूल जगला."
किटली उचलली. झाकण नीट बसतंय का बघितलं.
"दुकानाच्या पाटीचं आमच्या असंच झालं.
तीनदा रंगवली, तीनदा येऊन पुसली.
ह्या लिपीत का, त्या लिपीत का.
मग पाटीच काढली, दारात नुसता एक भोपळा टांगला.
गिऱ्हाईक यायचं थांबलं नाही."
आणि धुक्यात गेले, शहापूरच्या अंगाला,
दूध नासेल अशा सावकाश चालीनं.

फेब्रुवारीत पुन्हा फेरी.
सतरावी: एक पूर्णांक नऊ टक्के. आवाज नाही. ठीक.
नळीच्या बुडाशी, रबराच्या कड्याच्या वर,
पांढऱ्या सुताचा एक धागा
दोन वेढे देऊन बांधलेला, गाठ बारीक.
नियमाप्रमाणे काढायला हवा.
मी केसभर पुढं सरकवून बघितला,
केसभर मागं.
काही झालं नाही.

नोंदवहीत लिहिलं:
बाह्य वस्तू, एक.
वजन नगण्य.