रकाना सातवा

हमरिया बंदरामागे, शेड क्रमांक अकरा.
ऑगस्ट. रात्रीचे दोन, आणि लोखंडालाही घाम.
पंख उतरवून गाद्यांवर ठेवलेत,
बाळंतिणीला निजवावं तसे.
इंजिन वेगळं. पंख्याची तीन पाती फोममध्ये गुंडाळलेली.
हरिकेन म्हणतात याला. लढाईतलं.
मी फक्त यादी करतो.

रकाना एक, माल. रकाना दोन, वजन.
सातव्याशी पेन अडलं :
मूळ देश.

कुरियाकोस म्हणाला, युके लिही, संपव.
बांधलं तिथं, हे खरंच.
पण उडालं ते इंफाळच्या ढगांत,
आणि उतरल्यावर उभं राहिलं पन्नास वर्षं
नागपूरकडच्या एका तंत्रनिकेतनाच्या आवारात.
पोरांनी नाकावर सदरे वाळत घातले,
कॉकपिटात एक मांजर तीनदा व्याली,
काच कुणी फोडली, त्याची चौकशी अजून चालू असेल.
मग लिलाव. किलोच्या भावानं.
अबू माजिदनं घेतलं, बावीस वर्षं एसीत ठेवलं,
दर शुक्रवारी मुलांना आत बसवलं.
मुलं मोठी झाली.
आता ऑस्ट्रेलियाचा एक दंतवैद्य तिप्पट देतोय.

काल पुण्याहून फोन. निवृत्त विंग कमांडर रणदिवे.
नंबर कुठून मिळाला, देव जाणे.
अहो, तुम्ही आपले ना? मग थांबवा हे.
आपल्या आकाशातली वस्तू परदेशी चाललीय.
म्हटलं, साहेब, ती परदेशातच आहे.
विचारणार होतो,
मांजर व्याली तेव्हा कुठं होतात?
पण म्हाताऱ्याचा आवाज कापत होता
आणि फोन त्याच्या पैशाचा होता.

दाद करीम बलोच खिळे ओठांत धरून बोलतो :
जो तेल घालील त्याचं यंत्र.
पटलं मला.
उजव्या पंखाखाली आरसा सरकवेपर्यंत
पटलेलंच होतं.

तिथं एक ठिगळ. वीतभर.
पत्रा ॲल्युमिनियमचा, पण हात तांब्यावर बसलेला.
माठारकाम !
ठोक्याला ठोका लागून, गोल गोल,
पाण्याच्या बंबावर असतात तसे.
कुठल्याच नियमपुस्तकात न बसणारं.
साहेबानं पाहिलं असतं तर उखडायला लावलं असतं.
पण विमान सकाळी हवं असणार,
साहेब झोपेत असणार.
कोपऱ्यात दाभणानं कोरलेलं :
बापू तांबट, कसबा पेठ.

चार स्क्रू होते फक्त.
स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशातच होता.
तीन काढले.
चौथ्याला फिरवताना वाटलं,
हे ज्या भोकावर बसलंय ते भोकही घेता येईल का?
तीन परत लावले. घट्ट.

ऑस्ट्रेलियाला माती चालत नाही, कणभरसुद्धा.
म्हणून पंखाच्या पोकळीतलं कुंभारणीचं घर
ब्रशनं खरवडलं. नागपूरची माती, वाळकी, तांबूस.
कपाळाला वगैरे लावली नाही.
एकदा वास घेतला. नुसती धूळ.
कागदी कपात भरली,
कप कचऱ्यात.
मग उगाच झाकण उघडून पाहिलं.

साडेचारला सातव्या रकान्यात लिहिलं : युके.
आणि मालाच्या यादीत, अठ्ठेचाळीस रिव्हेट आणि
दोन टायर यांच्या खाली, एक ओळ वाढवली :
ठिगळ, नग एक. पुणे.

कुरियाकोसनं चष्मा वर केला.
ठिगळ म्हणजे?
सुटा भाग, मी म्हणालो.
सुटतो?
नाही.

त्यानं सही केली.
दाद करीमनं ओठांतला शेवटचा खिळा काढला
आणि झाकणावर ठोकायला लागला,
एकाला एक लागून.