पोटातलं

यंत्र खिशात मावतं,
पण खिशात घालून उंबरा ओलांडायची मला परवानगी नाही.
महापालिकेच्या कागदावर तसं लिहिलंय:
हीच खोली, बोपोडी, गाळा नंबर चार,
शेजारी पिठाची गिरणी.
एकोणीस महिने खेटे घातले त्या कागदासाठी.
"फॅमिली डॉक्टरला सोनोग्राफी कशाला हवी, मॅडम?"
पासष्टच्या पुढचे पुरुष, म्हटलं, बिडी ओढलेले.
पोटातली मोठी धमनी बघायची. एवढंच.
कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
तसं माझ्या आधी कित्येकांकडे पाहिलं असणार,
आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून माणसंच येतात माझ्याकडे.
रविवारी, अनशापोटी.
गिरणी बंद असते. एरवी टेबल थरथरतं.

आज निवृत्ती धुमाळ.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं.
काडेपेटी गेटवर जमा करायची, सुटल्यावर परत घ्यायची,
आणि पूल येईपर्यंत तीन बिड्या.
"आत कधी ठिणगी पडू दिली नाही, डॉक्टरबाई,"
सदरा वर करत सांगतात.

जेल थंड. ते दचकतात.
बेंबीच्या वर चार बोटं, जरा डावीकडे.
मी दाब देते, आतड्यातला वारा बाजूला सारते,
आणि मोबाईलएवढ्या पडद्यावर
आधी मणक्याची पांढरी कमान,
मग तिच्या पुढ्यात
एक काळं वर्तुळ, उघडमीट करणारं.

भिंतीवर पाटी आहे, कायद्याने लावलेली, लाल अक्षरांत:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
ते पडद्याकडे बघतात, पाटीकडे बघतात,
मिशीत हसतात,
"काय मग? पोरगा का पोरगी?"

हा विनोद मला दर रविवारी भेटतो.
मीही हसते, बहुतेक वेळा.
पण आज बाकावर हौसाबाई होत्या,
मांडीवर पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास.
त्या म्हणाल्या, मोठ्याने नाही,
"तेव्हा पण हेच विचारलं होतं यांनी.
सत्त्याऐंशी साली. कपाटाएवढं मशीन होतं.
डॉक्टर तोंडाने काही बोलला नाही.
नुसती मान हलवली."

हसू मिशीतच राहिलं.
माझ्या हाताखाली वर्तुळाची उघडमीट वाढली.
मी कळ दाबली. चित्र थांबलं.
या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढली.
चार पूर्णांक सहा सेंटिमीटर.
दोन असायला हवं.

मग मला जे सांगायचं असतं ते मी सांगितलं.
धमनी फुगलीय, भिंत पातळ होत जाते,
ससूनला चिठ्ठी देते, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू,
साडेपाचला पोचली तर ऑपरेशन,
बिडी आजपासून नाही.
ते छताकडे बघत होते.
"फुटली तर आवाज होतो का?"

दारूगोळ्यातल्या माणसाने विचारलेला प्रश्न.
"नाही," मी म्हटलं. "आवाज होत नाही."

कागदी रुमाल मी सवयीने हौसाबाईंकडे दिला.
त्यांनी तो नवऱ्याच्या हातात ठेवला. "पुसा."
पोटात घाला, म्हणतो आपण एकमेकांना,
पण पोटात घातलेलं
कुठल्या पडद्यावर दिसतं, किती ताणापर्यंत टिकतं,
त्याचं कोष्टक मला कुणी शिकवलेलं नाही.

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला,
त्यांच्यापुढे केला. सकाळपासून उपाशी होते ते.
"तीन महिन्यांची तारीख कागदावर लिहून द्या," मला म्हणाल्या.
"हे विसरतात.
मी नाही विसरत."

यंत्र कपाटात, कुलूप, रजिस्टरमध्ये सही.
मान वर केली तर ते दारात उभे,
खिसे चाचपत.
काडेपेटी काढून माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली,
गेटवर ठेवावी तशी,
आणि क्षणभर थांबले,
पावती मिळते का बघायला.