पर्यंत

माणसं मोजायची नसतात आमच्यात.
बोट दाखवून एक, दोन, तीन म्हटलं
की नजर लागते, म्हणतात.
म्हणून मोर्देखा दहा शब्दांची एक ओळ पुटपुटतो,
दर डोक्याला एक शब्द,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून,
वाजू नये म्हणून.

बाबा गेले तेव्हापासून ओळ
नवव्या शब्दाशी अडते.
नववा शब्द आहे: पर्यंत.
पुढचा, 'सर्वकाळ', त्याच्या तोंडातच राहतो
जर्दाळूच्या बीसारखा.
मग सगळे टोप्या सारख्या करतात आणि
ज्याची त्याची प्रार्थना ज्याची त्याने म्हणतो.

वीज नाही. शेगडीत ओलं लाकूड धुमसतं.
भिंतीपलीकडे रिओनी तेवढी बोलते.
निम्मं गाव बसमध्ये बसून विमानतळावर गेलं;
उरले शबाता, जो अजून जोडे शिवतो,
तीन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत,
आणि असेच.

राफोला काद्दीश पाठ आहे.
मेलेल्यासाठी म्हणायची ती स्तुती,
जिच्यात मरणाचा एक शब्दसुद्धा नाही.
पोरानं म्हटली तरी चालते,
फक्त ऐकायला दहा हवेत
आणि त्या दहांत तो धरत नाहीत.
बापासाठी तोंड आहे त्याला. डोकं नाही.

जन्म अदारचा. अदार लागला
तशी आईनं बाबांच्या कोटाच्या बाह्या आखूड केल्या,
अक्रोड कुटले.
मग मोर्देखानं पंचांग दिव्याशी नेलं:
यंदा अधिक महिना. अदार दोन.
साध्या वर्षी जन्मलेल्याला तेरावं दुसऱ्यात लागतं.
'मग हा पहिला?' आईनं विचारलं.
'हा जादाचा.'

शबाता म्हणाला, पोराच्या हाती ग्रंथ द्या नि मोजा,
आमच्या आजोळी असंच चालायचं.
मोर्देखा म्हणाला, मग ग्रंथालाच जोडे शिव.
राफो हसला. सगळ्यांत आधी तोच हसला.

काद्दीशचे अकरा महिने मोजताना मात्र
तो जादाचा महिना धरतात.
हे मला पडद्यामागे बसून कळलं.
मी बाराव्या वर्षीच मोठी झाले, कायद्यानं:
माझे उपास माझे, माझं पाप माझं.
त्याला तीन वर्षं झाली.
खिजगणतीचं काय,
असो.
पडद्याच्या भोकातून नऊ टोप्या दिसतात
आणि एक उसनी.

त्या संध्याकाळी ढग होते.
तीन तारे कुणालाच दिसले नाहीत;
मोर्देखा दारात उभा राहून
समोरचा डोंगर काळा व्हायची वाट पाहत होता.
दुपारच्या प्रार्थनेला राफो पोर होता,
मधे शेगडीत दोन लाकडं घालून झाली,
आता नव्हता.

मोर्देखा आत आला. ओळ सुरू केली.
पाचवा शब्द, सहावा. शबाता खोकला.
'पर्यंत', म्हणाला,
आणि सवयीनं थांबला. ओठ मिटले.
हात पुस्तकाकडे गेला.

'सर्वकाळ', मी म्हणाले.

पडद्यामागून, मोठ्यानं.
कुणी वळून पाहिलं नाही.
मोर्देखानं घसा साफ केला, जणू तोच बोलला होता,
आणि प्रार्थना सुरू झाली.

राफोचा आवाज तिसऱ्या ओळीला फुटला,
अर्धा बाबांचा, अर्धा अजून पोराचा.
नऊ जणांनी आमेन म्हटलं.
तिघे भाऊ एकदमच बोलले. त्यांनाच ते आवडलं नसावं.

घरी त्यानं चीजची भाकरी दोनदा मागितली
आणि जोड्यांसकट झोपला.
मी नाड्या सोडल्या. पुढे टोकात
वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता, बोटभर.

शबाताचा व्हिसा वसंतात येणार आहे.
त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.
मला सांगितलं,
मी मोजणीत नाही म्हणून.